पापुद्रा

कोळंबीची टरफलं बंदरावरून पोत्यानं येतात.
आधी त्यांचा वास काढते, मग रंग,
शेवटी उरते ती पांढरी पूड
रात्रभर सौम्य आम्लात ढवळत ठेवते.
सकाळी भांड्यात मधासारखं काहीतरी,
जड, निवांत.

अरिकात पाऊस पडत नाही.
समुद्र दाराशी आणि अंगणात वाळवंट.
इथं काही वाळवायला उन्हाची मनधरणी करावी लागत नाही,
तरी माझा पापुद्रा पेटीतच वाळतो.
उन्हाकडे नोंदवही नसते.

तेल वरून येतं, सोकोरोमाहून,
डोंगराला पायऱ्या पाडून केलेल्या शेतांतून,
जिथं आई अजून विळ्यानं ओरेगॅनो कापते
आणि ट्रकवाल्याशी वजनावरून भांडते.
ओव्याला थंडीवाऱ्यात वाढलेला
एखादा चुलतभाऊ असता, तर त्याचा वास असा असता.
पन्नास किलो पाला उकळला की
माझ्या हातात येते एक तपकिरी बाटली,
औषधाच्या बाटलीएवढी.

तेल आणि पाणी काही केल्या नांदत नाहीत.
मग मी मध्ये घालते आवाज,
कानाला न कळणारा, पण थेंबाला सोसवत नाही असा.
थेंब फुटतो. फुटलेला पुन्हा फुटतो.
केसाच्या जाडीत आठशे बसतील
इतका बारीक होतो, तेव्हा दुधट भांडं
एकाएकी नितळ दिसू लागतं,
कडेला जरा निळसर झाक.
हे मी चारशेवेळा तरी पाहिलं असेल.
दर वेळी मान वाकडी करून पाहते.

चव घेणारे सातजण टेबलाभोवती बसले.
शेळीच्या चीजवर माझा पापुद्रा, साईहून पातळ.
"चांगलं आहे," सहाजण म्हणाले.
सातवा म्हणाला, "पिझ्झा आठवला."
डॉक्टर ऑर्तुसारनी अहवालात तेवढंच अधोरेखित केलं.
तेल अर्ध्यावर आणलं. मग पावावर.
जंतू तरीही मेले.
वास मात्र कुणाला येईना.

आई दात दाखवायला खाली आली तेव्हा
संस्थेतही आली, टोपी न काढता.
प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही, असा फलक आहे,
म्हणून तिला जिन्यात नेलं
आणि वेगळा, स्वच्छ ठेवलेला तुकडा हातावर दिला.
तिनं उजेडाकडे धरला. हुंगला.
"यात माझं काय आहे?"
जिभेवर ठेव, म्हटलं.
ती बराच वेळ गप्प. दाताचा गाल सुजलेला.
मग म्हणाली, "खालचा वाफा.
त्या वर्षी पाटाचं पाणी आपल्याकडे शेवटी आलं होतं."

मी तारखा तपासल्या नाहीत.

परत निघताना फ्रीजच्या काचेतून तिला तो दिसला,
कोपऱ्यातला, 'शून्य' लिहिलेला तुकडा.
त्याच दिवशीचा, त्याच शेळीच्या दुधाचा,
पण उघडा.
चौथ्या दिवशी हिरवा ठिपका, नवव्याला सगळं अंग.
"याला का नाही पांघरलंस?"
कुणीतरी एक उघडं ठेवावं लागतं, मी म्हटलं,
नाहीतर बाकीचे वाचले, हे सिद्ध कसं करणार?
उत्तर बरोबर होतं.
तिनं शालीचं टोक ओढून घेतलं
आणि माझ्या धाकट्या बहिणीची चौकशी केल्यासारखं विचारलं,
"त्याचं पुढं काय करता?"

पुढं काही नाही.
शुक्रवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर,
शून्याला पिशवीत घालून यंत्रात ठेवलं,
एकशे एकवीस अंशांवर, वीस मिनिटं.
वहीत शेवटचा आकडा लिहिला.
दार उघडलं तेव्हा वाफ तोंडावर आली,
आंबट, दुधाची, गोठ्यासारखी.
तिच्यात ओरेगॅनोचा मागमूस नव्हता.
मी तिथंच उभी राहिले,
चष्म्यावरचं धुकं आपोआप जाईपर्यंत.